फ्रेडीची सिरोंच्याला बदली

घरात दुःख झालं म्हणजे माणसानं काय करावं, याच्या काही रूढ रीती आहेत. कुणी देवाला जातो, कुणी पोथी लावतो, कुणी नुसताच आढ्याकडे बघत बसतो. बांधकाम खात्याच्या कचेरीतले हेडक्लार्क रंगनाथराव भापकर यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी दोन इंग्रजी विनोदी नाटकं बसवायला घेतली.

रंगनाथरावांचा आणि विनोदाचा तसा काही घरोबा नव्हता. ते कधी हसले होते का, याविषयी कचेरीत दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, मोठे साहेब तपासणीला आले आणि त्यांनी डांबराच्या पिंपावरून कोटी केली तेव्हा भापकर हसले. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, ते हसणं नव्हतं, खोकला होता. अशा माणसानं विनोदी नाटक बसवायचं, तेही एक नाही, लागोपाठ दोन, म्हणजे आंब्याच्या झाडाला वांगी लागण्यातलाच प्रकार होता.

पण त्याला कारण होतं, आणि ते कारण घरात होतं. मागल्या आषाढात त्यांचा एकुलता एक मुलगा शशी सायकलवरून केडगावला मित्राकडे गेला आणि पुण्याच्या रस्त्यावर एका ट्रकखाली आला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. सावेडीच्या नव्या वसाहतीतली शिकलेली मंडळी भेटायला आली, हळू आवाजात बोलली, जाताना "मन घट्ट करा वहिनी" असं सांगून गेली. मनकर्णाबाईंनी मन घट्ट केलं. इतकं घट्ट केलं की त्या रडल्याही नाहीत. वेळेवर स्वयंपाक, वेळेवर धुणं, वेळेवर देवापुढं दिवा. विचारलं तेवढं बोलायचं. घरात दोन माणसं राहत होती आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

रंगनाथरावांची तऱ्हा निराळी होती. त्यांना तो शब्दच तोंडातून काढता येत नव्हता. ज्यांना ठाऊक होतं ते विचारत नसत. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी "मुलगा काय करतो?" म्हटलं, की रंगनाथराव चष्मा पुसत म्हणायचे, "बाहेरगावी असतो." आणि लगेच टेंडरचा विषय काढायचे.

दिवाळी दिव्याशिवाय गेली. त्यानंतर एका संध्याकाळी त्यांना आठवलं, लग्नाला नुकतं वर्ष झालं असताना आपण हिला कॉलेजच्या हॉलमध्ये इंग्रजी नाटकं बघायला नेलं होतं. कुठल्याशा गोऱ्या लेखकाची, दीडशे वर्षांपूर्वीची दोन छोटी नाटकं, एकापाठोपाठ एक. हिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी पहिल्या नाटकात कपाटातून माणूस बाहेर आला तेव्हा ही एवढी हसली, की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या आणि हिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ते हसू पुन्हा एकदा ऐकावं, एवढीच रंगनाथरावांची इच्छा होती. दुसरा एखादा नवरा बायकोजवळ बसून दोन शब्द बोलला असता. पण हेडक्लार्क माणूस, कुठलंही काम रीतसर मार्गानं करायची सवय.

पहिला सल्ला शेजारच्या छगनरावांकडून आला. छगनराव निवृत्त अव्वल कारकून. सरकारनं त्यांना निवृत्त केलं होतं, पण सल्ला देण्याच्या कामातून मोकळं केलं नव्हतं.

"भापकर साहेब, वर्षसुद्धा फिरलं नाही अजून," कुंपणावर हात ठेवून ते म्हणाले. "लोक काय म्हणतील? आणि त्यात हा दुष्काळ. माणसं रस्त्यावर खडी फोडतायत, आणि तुम्ही त्यांना हसवणार?"

रंगनाथरावांचा चेहरा उतरला. तो बघून छगनरावांनी आवाज खाली आणला. "करायचंच असेल तर दुष्काळासाठी करा. दुष्काळासाठी म्हटलं की सगळं चालतं. आणि वकिलाचं वगैरे काम असेल तर मला सांगा. मी कोर्टात पुष्कळ वेळा साक्ष दिलेली आहे."

अशा रीतीनं एक कारण मिळालं आणि एक नट गळ्यात पडला.

रंगनाथरावांनी जुन्या ग्रंथालयातून ते इंग्रजी पुस्तक पैदा केलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन भाषांतर सुरू केलं. भाषेवर आयुष्यभर जे संस्कार झाले होते ते काही लपले नाहीत. नायक नायिकेला म्हणायचा, "उपरोक्त कारणास्तव मी आपणांवर प्रेम करतो." नायिका म्हणायची, "सदर बाब विचाराधीन आहे." पण ते चालून गेलं असतं. खरी अडचण पहिल्या नाटकाच्या कथेतच निघाली.

कथा अशी. फ्रेडी नावाचा एक उनाड तरुण. आपल्यामागं लोक आपल्याविषयी काय बोलतात ते ऐकायची त्याला हौस. म्हणून तो आपण मेल्याची बातमी उठवतो आणि कपाटात लपून बसतो. वकील येऊन मावशीला सांगतो, फ्रेडी गेला. मावशी हंबरडा फोडते. पण नंतर जो तो त्याच्या खोड्याच आठवायला लागतो, आणि शेवटी न राहवून तो कपाटातून बाहेर येतो.

त्या पानावर आल्यावर रंगनाथरावांनी टाक खाली ठेवला. दोन-तीन संध्याकाळी ते नुसतेच बसून राहिले. हे वाक्य लिहायचं कसं, आणि ते मनकर्णेनं ऐकायचं कसं? मग त्यांना एक तोड सुचली, जी सरकारी नोकराखेरीज कुणालाही सुचली नसती. त्यांनी फ्रेडीला मारलाच नाही. त्यांनी त्याची बदली केली.

वकील येऊन सांगणार, "बाईसाहेब, फ्रेडीची सिरोंच्याला बदली झाली." मावशी किंचाळून कोचावर पडणार. मंडळी काळे कपडे घालून बदलीचा शोक करणार. आणि शेवटी फ्रेडी कपाटातून उडी मारून म्हणणार, "मावशी, बदली रद्द झाली!"

तालमीत हे वाचून दाखवलं तेव्हा कचेरीतल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. सिरोंचा म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. तिथं बदली झाली तर मावशीच काय, अख्खं खातं कोचावर पडलं असतं. फक्त फ्रेडीचं काम करणारा कनिष्ठ लिपिक गोरक्ष चाचरत म्हणाला, "साहेब, बदली झाली तर माणूस कपाटात कशाला लपंल? रजा टाकंल की."

"मूळ लेखकाचं तसं आहे," रंगनाथराव म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मूळ लेखकावरून पुढं रामायण झालं. नाटकाच्या प्रती मुंबईच्या एका कचेरीत तपासायला धाडाव्या लागतात. तिथून शेरा आला, मूळ लेखकाचं संमतिपत्र जोडावं. लेखकाला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. एका ओळीत "लेखक मयत" असं लिहून मोकळं होता आलं असतं. रंगनाथरावांनी कागद समोर ओढला आणि लिहिलं, "लेखक सध्या उपलब्ध नाहीत." उलट टपाली विचारणा झाली, "कधी उपलब्ध होतील ते कळवावे." यावर उत्तर देण्यासाठी रंगनाथरावांनी नोकरीतली सगळी विद्या पणाला लावली आणि "शक्य तितक्या लवकर" असं कळवलं. आश्चर्य म्हणजे तेवढ्यावर परवानगी आली. मग करमणूक कर माफ व्हावा म्हणून दुसऱ्या एका कचेरीत गेले, तर तिथल्या साहेबांना दुष्काळाच्या मदतीसाठी 'विनोदी' नाटक पटेना. तो शब्द खोडून 'बोधप्रद' लिहिला आणि शिक्का पडला. आता ही दोन बोधप्रद नाटकं लोकांनी हसत बघायची होती.

शहरात हॉल मिळेना. शेवटी शेवगावच्या मार्केट यार्डातली धान्याच्या लिलावाची शेड मिळाली, कारण त्या साली लिलावाला धान्यच नव्हतं. विजेचा भरवसा नाही म्हणून प्रयोग भर दुपारी, तोही बाजाराच्या दिवशी, म्हणजे दुष्काळी कामाला सुट्टी असलेली माणसं येतील. गोऱ्या उमरावांचे पोशाख म्हणून बँडवाल्यांचे लाल कोट ठरले. छगनरावांनी बँडमास्तरचा मोठ्या गोंड्यांचा कोट आपल्यासाठी आधीच बाजूला काढला.

राहता राहिली मावशी. बायका कामं करायला तयार नव्हत्या. खात्याच्या कोठारातला कारकून भिमाजी अंगानं भारदस्त होता, आवाजही झकास होता, पण त्याला मिशी होती. चांगली झुबकेदार.

"मिशीचं तेवढं बोलू नका साहेब," तो हात जोडून म्हणाला. "बाप जिता हाय माझा. बाप जिता असताना मिशी उतरली तर गाव काय समजंल?"

गावाकडं बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. हे रंगनाथरावांनाही ठाऊक होतं, ते स्वतः शेवगावाकडचेच. म्हणून मावशीच्या हातात पंखा दिला. भिमाजी तोंडापुढं पंखा धरून बोलायचा, आणि त्यातलं एक अक्षर बाहेर येईल तर शपथ. शेवटच्या तालमीत रंगनाथरावांचा तोल गेला. "भिमाजी, माझ्या सगळ्या खटपटीवर तू पंखा फिरवलास! मावशीच ऐकू आली नाही तर कोण हसणार? सांग, कोण हसणार?" एवढं बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. साहेबांना एवढं काय झालं ते कुणाला कळलं नाही. भिमाजी मात्र मान खाली घालून घरी गेला, आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये चढला तेव्हा त्याचा वरचा ओठ सोलल्या बटाट्यासारखा दिसत होता.

"गाव लांब हाय साहेब आमचं," तो म्हणाला. "आन झगा, टोपी. वळखतंय कोन?"

दुपारी शेड भरली. बाजाराला आलेली माणसं पिशव्या, कोंबड्या, रिकामे डबे घेऊन बसली. बायका एका अंगाला. पहिल्या रांगेत खुर्च्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीवर मनकर्णाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. यायला त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्या हल्ली कशालाच नाही म्हणत नसत.

प्रमुख पाहुणे सभापती होते. ते उशिरा आले, नारळ आणि हार झाले, आणि खुर्चीत बसता बसता त्यांनी आपुलकीनं विचारलं, "काय भापकर, मुलंबाळं किती?"

"एक मुलगा आहे. बाहेरगावी असतो," रंगनाथराव म्हणाले. मनकर्णाबाई हातभरावर होत्या. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. रंगनाथराव वही घेऊन विंगेत पळाले.

पडदा वर गेला. छगनरावांनी वकिलाचं दोन ओळींचं काम तालमीतालमीतून वाढवत दोन पानांवर नेलं होतं. ते सगळं बोलून झाल्यावर त्यांनी बातमी सांगितली. मावशीनं पंखा फेकला, दोन्ही हात वर केले आणि शेडचे पत्रे हादरतील अशा आवाजात हंबरडा फोडला.

भिमाजीच्या गावाहून बाजाराला आलेल्या बायकांच्या घोळक्यात तो आवाज कुणीतरी ओळखला.

"अगं बया! ह्यो तर आपला भिमा!"

"आन मिशी कुठं हाय त्येची?"

मग एका म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. "भिमाचा बाप मच्छिंदर गेला गं बाई! सकाळी तर बाजाराला निघाला हुता! कुठं रस्त्यात पडला गं!" आणि गावच्या सगळ्या बायकांनी एका सुरात गळा काढला.

स्टेजवर मावशी गारठली. "न्हाई, न्हाई," ती हळूच म्हणाली.

"मावशी, शोक आवरा," छगनराव आपलं पाठ वाक्य म्हणाले. "शासनाची इच्छा बलवत्तर आहे."

"आरं पन न्हाई ना मेला!" मावशी टोपी काढून ओरडली. "आयांनो, ऐका की! माजा बाप जिता हाय! मेला न्हाई! मेला न्हाई!"

हा गलका ऐकून कपाटातल्या गोरक्षला वाटलं, आपली वेळ झाली. तो दार ढकलून बाहेर उडी मारत म्हणाला, "मावशी, बदली रद्द झाली!" आणि त्याच वेळी शेडच्या पार मागच्या टोकाला एक म्हातारा पोत्यांच्या थप्पीवर चढून उभा राहिला. तो होता भिमाजीचा बाप, मच्छिंद्र. त्याच्या एका हातात चपला होत्या.

"ए भिम्या! म्या जिता हाय न्हवं! मिशी कुनाला इचारून उतरली रं?"

मग जे हसू फुटलं त्याला तोड नव्हती. रडणाऱ्या बायका डोळे पुसत हसत होत्या. सभापतींचा हार तुटला. भिमाजी झग्यात अडखळत खाली उतरला, गर्दीतून धावत गेला आणि बापाच्या पायांवर पडला. म्हाताऱ्यानं त्याला एक चापट मारली आणि मग छातीशी धरलं. हे सगळं नाटकातलंच आहे अशी निम्म्या लोकांची समजूत होती. ते 'वन्स मोअर' म्हणून ओरडत होते.

वही हातात धरून रंगनाथराव विंगेत उभे होते. वहीतलं एकही वाक्य जागेवर राहिलं नव्हतं, दिग्दर्शकाच्या अब्रूचा भर बाजारात पाचोळा झाला होता. तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एवढी माणसं हसली, तर ती हसलीच असेल. त्यांनी मोठ्या आशेनं पहिल्या रांगेकडं पाहिलं.

मनकर्णाबाईंची खुर्ची रिकामी होती.

त्या शेडच्या मागं, वजनकाट्याच्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. रंगनाथराव धापा टाकत आले आणि समोर उभे राहिले.

"तुला हसू आलं नाही?"

"तुम्ही हे माझ्यासाठी मांडलंत, ते कळतंय मला," मनकर्णाबाई म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी त्या एवढं लांब वाक्य बोलत होत्या. "पण त्या नाटकात तो पोरगा मरतो, अहो. मला इंग्रजी येत नव्हतं, पण माणसांनी टोप्या काढल्या, बाई रडली, ते दिसत होतं की. आणि मेलेला पोरगा कपाटातून चालत आला, म्हणून मी हसले होते. त्याचाच आनंद झाला होता मला."

रंगनाथरावांनी हातातली वही ओट्यावर ठेवली.

"तुम्ही त्याची बदली करून टाकलीत. घरातही तेच केलंत. आपला शशी बाहेरगावी असतो. मग मी रडू कुणासाठी? तो भिमाजी बघा. बाप जिवंत आहे म्हणून सगळ्या बाजारासमोर ओरडला. आपल्याला तसं ओरडता येत नाही, ठाऊक आहे मला. पण जे आहे ते तरी एकदा माझ्यासमोर बोला."

तेवढ्यात भिमाजीची आई गोजरबाई पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. त्या दिवसांत शेवगावात पाण्याचा तांब्या कुणी उगाच पुढं करत नव्हतं.

"साहेब, आमच्या लोकांनी तुमचा खेळ मोडला. राग धरू नगा," ती म्हणाली. "घ्या, दोन घोट पानी घ्या. बाई, तुमीबी घ्या. लेकरं न्हाई आनली संगं? किती लेकरं तुमाला?"

नेहमीचं उत्तर रंगनाथरावांच्या ओठांवर आलं. त्यांचा हात चष्म्याकडं गेला. मनकर्णाबाई त्यांच्याकडं बघत होत्या. त्यांनी हात खाली घेतला.

"एकच होता," ते म्हणाले. "शशी नाव होतं. आषाढात ट्रकखाली आला." "मेला तो. आमचा शशी मेला."

गोजरबाईनं तांब्या खाली ठेवला. तिनं काही विचारलं नाही, धीराचं एक वाक्य बोलली नाही. ओट्यावर बसून तिनं मनकर्णाबाईंचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि कधीही न पाहिलेल्या त्या पोरासाठी गळा काढला. "आरं माज्या सोन्या, आईला टाकून कुठं गेलास रं..." मनकर्णाबाई आधी ताठ राहिल्या. मग त्यांच्या तोंडून "शशी" एवढंच निघालं, आणि आषाढापासून कोंडून ठेवलेलं सगळं त्या शब्दामागून बाहेर आलं.

बँडमास्तरच्या कोटातले छगनराव दुसऱ्या नाटकासाठी बोलवायला आले. कोपऱ्यावर थबकले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि जन्मात पहिल्यांदा काहीही न सुचवता परत गेले. आत घंटा झाली, दुसरं नाटक दिग्दर्शकावाचून सुरू झालं आणि लोक पुन्हा हसायला लागले. रंगनाथराव बायकोशेजारी ओट्यावर बसले. त्यांनी तिचा हात धरला आणि तेही रडायला लागले, मोठ्यानं, कुणी ऐकतंय का हे न बघता.